पेडल नंतर, आधी पत्रा

प्रिय अभय,

सप्रेम नमस्कार.

फोटो मिळाले. 1952 ची शेवरोले 3100 पिकअप, पुढे डिस्क ब्रेक बसलेले, मागे ड्रम, आणि जुना मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) अजून केबिनच्या फ्लोअरखाली चिखलात. त्यात ब्रेक ऑइल टाकायचं तर फ्लोअरवरचं झाकण उचलायचं, आणि तेवढ्यात वरची माती आत. तुला आता नव्या गाड्यांसारखं वरून लोंबणारं पेडल हवंय. जरूर कर. फक्त किट मागवायच्या आधी हे पत्र वाच, कारण या कामातलं अर्धं महत्त्वाचं सामान त्या खोक्यात येतच नाही.

मूळ रचना दिसायला गावठी, पण तिच्यात एक गोष्ट पक्की होती: पेडलाचा सगळा जोर चासीवर जायचा, आणि चासी हलत नाही. लोंबतं पेडल तोच जोर इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर टाकतं. तो पत्रा जेमतेम मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरचा. तो इंजिनाची धग आणि धूर अडवायला ठेवलेला, ब्रेक झेलायला नव्हे.

हिशेब करून बघ. समजा पेडलाच्या खिळीपासून (ज्या पिनवर पेडल झुलतं) पाय ठेवायची जागा 12 इंचांवर आणि पुश रॉड, म्हणजे सिलिंडरचा पिस्टन ढकलणारी दांडी, 2 इंचांवर. म्हणजे सहास एक. घाबरून ब्रेक मारताना 40 किलो जोर सहज पडतो, म्हणजे सिलिंडर 240 किलोंनी पुढे ढकलला जातो. त्याच वेळी वरची खिळ 200 किलोंनी उलट, तुझ्याकडे ओढली जाते. पत्रा या दोघांमध्ये पिळला जातो. सिलिंडर नुसता 2 मिलिमीटर पुढे सरकला तरी पेडल 12 मिलिमीटर फुकट खाली जातं. पाय स्पंजावर ठेवल्यासारखं वाटतं, आणि माणूस नळ्यांतली हवा काढत बसतो. चार वेळा हवा काढून झाली तरी पेडल मऊ, अशी तक्रार आली की आधी पत्रा बघावा. तपासायची पद्धत सोपी: एकाला पेडल जोरात दाबायला लाव, आपण बॉनेटमधून सिलिंडरच्या बुडाशी बोट ठेव. डोळ्याला दिसलं नाही तरी बोटाला कळतं.

म्हणून पहिलं काम पत्र्याचं. आतून एक सुती प्लेट लाव (आठवतंय ना, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), निदान 8 बाय 10 इंचांची. तिच्या कडा पत्र्याच्या घडीपर्यंत पोचू देत, मधल्या सपाट भागात संपवू नकोस. सिलिंडरचे बोल्ट पत्रा, प्लेट आणि पेडलाचा ब्रॅकेट असे तिन्हींतून आरपार गेले पाहिजेत, म्हणजे ती उलटसुलट ओढ बरीचशी ब्रॅकेटमध्येच मिटते. ब्रॅकेटच्या वरच्या टोकापासून डॅशखालच्या मजबूत पट्टीपर्यंत एक आडवा टेकू दे. आणि आतला तो जुना नमदा बोल्टांच्या जागी कापून टाक. तो मध्ये राहिला की आवळताना घट्ट वाटतं, महिन्याभरात चेपतो आणि बोल्ट ढिले.

आता बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा. तू विचारलं होतंस, म्हणून स्पष्ट सांगतो: माझं मत नको. या सहा सिलिंडरच्या इंजिनाचे इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (हवा आत नेणारे आणि तापलेला धूर बाहेर काढणारे नळ) दोन्ही डाव्या बाजूला, म्हणजे तुझ्या डाव्या स्टिअरिंगच्या अमेरिकी गाडीत नेमके पेडलासमोर. 7 इंची बूस्टर तिथे कसाबसा मावेल, पण भट्टीशेजारी बसल्यासारखा. भारतातल्या जुन्या शेवरोलेंचे फोटो बघून फसू नकोस. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना 1928 ते 1954 चालला, आणि आपल्याकडच्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे. त्या बाजूला ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर असतो, मॅनिफोल्ड नाही. बूस्टरशिवायही मास्टर सिलिंडर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा लागेलच.

बूस्टर नाही म्हटल्यावर सिलिंडरचं भोक 1 इंच घे, 1⅛ इंचाच्या मोहात पडू नकोस. मोठं भोक म्हणजे जोरदार ब्रेक, हा सरळसरळ उलटा समज आहे. त्याच 240 किलोंना 1 इंचात चौरस सेंटिमीटरला 47 किलो दाब मिळतो, 1⅛ इंचात 37. मोठ्या भोकाने पेडल कमी खाली जातं आणि कडक लागतं, म्हणून लोकांना ते जोरदार वाटतं. सिलिंडर दुहेरीच हवा, दोन कप्प्यांचा. अमेरिकेत 1967 च्या मॉडेलपासून तो सर्रास आला. त्याआधीच्या एकेरीत एक नळी फुटली की चारही चाकं गेली.

सिलिंडर हातात आला की पिस्टनच्या मागचा खळगा बघ. बिनबूस्टरचा असेल तर खळगा खोल असतो आणि पुश रॉड त्यात आत शिरून बसतो. बूस्टरवाल्याचा उथळ. उथळ खळग्यात साधा रॉड ठेवलास तर पेडल मागे येताना तो निसटून खाली पडू शकतो. पुढच्या वेळी पाय दाबशील तेव्हा ब्रेकच नाही. या एका चुकीला माफी नाही. रॉड पिस्टनच्या सरळ रेषेत असू दे, तिरका ठेवलास तर सील एका बाजूने खातो.

रॉडला साधारण एक मिलिमीटर मोकळीक ठेव, म्हणजे पेडलावर सहा. मोकळीक नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परत जायचं बारीक भोक झाकलेलं राहतं, ऑइल तापून फुगतं आणि ब्रेक धरून राहतात. पाच-सात मैलांनी चाकांना हात लावून बघ, कळेल.

नळी दीड सुती, म्हणजे 3/16 इंच, आणि टोकं दुहेरी फ्लेअरची, म्हणजे दुमडून फुलवलेली. तुमच्या ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून तांबे-निकेलची घे. साधी तांब्याची कदापि नको. मोठा कप्पा पुढच्या डिस्कला दे, कारण पॅड झिजत जातात तसं कॅलिपरमध्ये ऑइल जास्त मुरतं. डिस्कच्या लाइनमध्ये 2 पीएसआयचा (चौरस इंचाला 2 पौंड) थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह लावलेला असेल, तो सिलिंडर खाली होता म्हणून. आता सिलिंडर वर गेला, तो काढ. ड्रमला 10 पीएसआयचा लागतो, पण नव्या सिलिंडरच्या तोंडात तो आधीच आहे का बघ: बारीक तार आत सारली आणि लगेच अडली तर आहे. तुझे मागचे ड्रम बेंडिक्स पद्धतीचे, स्वतःच धरत जाणारे. मागचा सामानाचा टप रिकामा असला की मागची चाकं आधी घसरतील, तेव्हा मागच्या लाइनमध्ये दाब कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह घाल.

क्लचचं विसरू नकोस. तोही जुन्या शाफ्टवरच आहे. ब्रेक वरून आणि क्लच खालून अशी खिचडी पायाला जमत नाही, म्हणून क्लच हायड्रॉलिक करावा लागेल. स्टॉप लाइटचा स्विच पेडलावर घे. फ्लोअरची दोन्ही भोकं पत्र्याने बंद कर, नाहीतर हिवाळ्यात पाय गोठतील.

सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी व्हाइसमध्ये फ्लँजने धर आणि त्यातली हवा तिथेच काढ, सावकाश, पूर्ण दाबून. मग मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. ब्रेक ऑइल डॉट 3 किंवा 4 प्रतीचं चालेल, डॉट 5 त्यात मिसळू नकोस.

आधी पुठ्ठ्याचा सिलिंडर करून जागेवर टांग आणि बॉनेट बंद करून बघ. त्याचा फोटो आणि पत्र्याच्या घडीपासूनची मापं पाठव, मग भोकं कुठे पाडायची ते ठरवू. तोवर ड्रिल हातात घेऊ नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर