हॉर्सशू क्रॅबला शेपटीने उचलू नका

महोदय,

नाशिकहून जगन्नाथपुरीला जाणारे काही पर्यटक पुढे बालासोरजवळच्या चांदीपूरलाही जातात. तिथे ओहोटीला समुद्र दूरवर मागे हटतो आणि उघड्या पडलेल्या चिखलात घोड्याच्या नालेसारख्या कवचाचे हॉर्सशू क्रॅब दिसू शकतात. नाव खेकड्याचे, नाते मात्र कोळी-विंचवांशी. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीत मादी पाठीला चिकटलेल्या नरासह किनाऱ्याला येते आणि वाळू उकरून अंडी घालते.

लांब शेपटी पाहून लोक बिचकतात; तिच्यात विष नसते. उताणा पडलेला प्राणी ती वाळूत रोवून पालथा होतो. फोटोसाठी तिलाच धरून उचलले, तर सांधा दुखावतो. मग पुन्हा उलटल्यावर त्याला सावरता येत नाही, पोटाकडचे पानापानांचे कल्ले उन्हात सुकतात आणि तो मरतो. कवचाच्या दोन्ही कडा धरून त्याला पालथे करावे, एवढेच. जाळ्यात गुंतला असेल तर पाय ओढू नयेत, धागा कापावा.

त्याचे तांबेयुक्त निळे रक्त इंजेक्शने आणि लसींमधील जिवाणूंचे विष तपासायला वापरतात. या रक्ताला प्रयोगशाळेत बनवलेला पर्याय युरोपीय औषधसंहितेने (औषधांच्या दर्जाची अधिकृत नियमावली) २०२१ पासून स्वीकारला आहे; आपल्या औषध कंपन्यांनीही तिकडे वळावे.

– निसर्गप्रेमी वाचक, नाशिक