कापसाच्या खोलीतला भूप

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

आपल्या कॅसेटी संगणकात उतरवून तू पाठवलेला पेनड्राइव्ह परवा मिळाला. सगळ्यात आधी किशोरीताईंचा (आमोणकरांचा) भूप राग लावला. 'प्रथम सूर साधे' ही बंदिश सुरू झाली आणि दोनच मिनिटांत मी उठून डेकवर मूळ कॅसेट चढवली. मग पुन्हा पेनड्राइव्ह, पुन्हा कॅसेट. तिसऱ्या वेळी कळलं काय हरवलंय ते. तानपुरा.

"बाबा, सगळी खरखर काढून टाकली," असं तू लिहिलंस. रात्री जागून केलंस, ते मला दिसतं. पण ती खरखर काढणारी सोय एकसारखा, न बदलता चालणारा आवाज म्हणजे गोंगाट असं धरून चालते. टेपची सळसळ तशीच असते, आणि तानपुराही बराचसा तसाच. सळसळीबरोबर तिने जवारीची, म्हणजे तार घोडीला घासून उठणारी, झणझणही खरवडून नेली. नीट मिळवलेल्या तानपुऱ्यात खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधार आपसूक वर येतो. कोणी छेडलेला नसतो तो. तारेच्या मूळ कंपनांच्या पाचपट कंपनांचा तो स्वर. आणि भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, कोणता? गंधारच. कॅसेटवर ताई गंधारावर येतात तेव्हा तो खाली आधीच अंथरलेला असतो. तुझ्या फाइलमध्ये त्यांना उघड्या भुईवर उभं राहावं लागतं गं. २०१७ साली त्या गेल्या, त्या रात्री मी हीच कॅसेट लावली होती, म्हणून मला हे जास्त लागलं.

सळसळ राहू दे. गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी ऐकू येत नाही, तसा कान तिला पाच मिनिटांत विसरतो. गेलेला तानपुरा मात्र कुठल्याही बटणाने परत येत नाही.

तेव्हा पुन्हा कर, एवढंच मागणं आहे. आधी डेकमधलं टेप वाचणारं हेड स्पिरिटने पुसायचं. मग हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवत ऐकायचं. तबल्याच्या चाटीचा आवाज कोरा, स्वच्छ आला की तिथेच थांबायचं. फाइल एमपीथ्री नको, आवाजातलं काही न गमावणारी फ्लॅक कर. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, म्हणजे सीडीचं माप, कॅसेटला पुरून उरतं. ६० मिनिटांची कॅसेट न दाबता ठेवली तर सुमारे ६३५ एमबी होते, फ्लॅकमध्ये त्याहून बरीच कमी. जागेची काटकसर करायचे दिवस आता राहिले नाहीत.

आणि इथे येऊन ऐक. पुण्याच्या तुझ्या खोलीत फरशी, काच, उघड्या भिंती. आवाज आदळून परत येतो. आपल्या मधल्या खोलीत सध्या दोन वेच्यांचा कापूस छातीपर्यंत भरलाय. भाव बरा होईपर्यंत विकायचा नाही असं ठरवलंय. काल दाराशी थोडी जागा करून दोन्ही स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले, मी समोर पाटावर बसलो. कापूस सगळा घुमारा पिऊन घेतो, बेटा. डग्ग्याचा घुमार जिथल्या तिथे थांबतो, आणि ताई तान घेण्याआधी श्वास घेतात तोही ऐकू येतो. इतकी वर्षं ही कॅसेट ऐकतोय, तो श्वास मला काल पहिल्यांदा ऐकू आला. अंगाला खाज सुटली, आई ओरडली, पण मी दुसरी बाजू संपेपर्यंत उठलो नाही.

रात्री शेतीच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि डेक सूर उतरवतो, म्हणून पहाटेच ऐकायचं. वायरी जुन्या आहेत, कापसाजवळ जोड नको म्हणून प्लग बाहेर सपरीतच लावलाय. काळजी करू नकोस.

संक्रांतीनंतर कापूस न्यायला गाडी येईल आणि खोली पुन्हा घुमायला लागेल. त्याआधी दोन दिवस काढ. येताना चांगली लांब वायर आण, आणि बाकीच्या ज्या कॅसेटी तू तिकडे नेल्या आहेस त्या सगळ्या तशाच परत आण. कापडात गुंडाळून, गाडीतल्या स्पीकरजवळ न ठेवता.

तुझे,
बाबा