ज्यांची नावं ठाऊक नाहीत, त्यांचे आभार

सोमवारी पायाला मुंग्या आल्या, गुरुवारी त्याला पेन धरता येईना आणि शनिवारी माझा मित्र व्हेंटिलेटरवर होता. गुइलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. उपचार इम्युनोग्लोब्युलिनचा, म्हणजे शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांच्या औषधाचा: दर किलो वजनामागे रोज ०.४ ग्रॅम, सलग ५ दिवस. त्याचं वजन ७० किलो, म्हणजे एकूण १४० ग्रॅम. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालं तर गुण येण्याची शक्यता जास्त. आमच्याकडे पैसे होते दोन दिवसांपुरते.

उरलेले तीन दिवस तुम्ही दिलेत.

खात्यावर रात्री-अपरात्री पैसे येत राहिले. बहुतेकांनी नाव लिहिलंच नाही. एकाने फक्त ‘परत करू नका’ एवढंच लिहिलं होतं. आयसीयूच्या दाराशी कुणीतरी वहीच्या कागदाची चार घड्या घातलेली पुडी ठेवून गेलं. आत चुरगळलेल्या नोटा, वर पेन्सिलीने ‘दादाच्या औषधाला’. अक्षर लहान मुलाचं वाटतं. ती पुडी मी जपून ठेवली आहे. बिलाची एकेक ओळ माझ्यासोबत बसून तपासणाऱ्या त्या ताईंचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही, याची फार रुखरुख आहे.

आणखी एक. हे औषध हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून, म्हणजे रक्तातल्या द्रव भागापासून बनतं. त्या अनोळखी माणसांनाही मनापासून नमस्कार.

काल त्याने स्वतःच्या हाताने चमचा उचलला. हात थरथरत होता, पण चमचा तोंडापर्यंत गेला. मग त्याने ती पुडी मागितली आणि बराच वेळ हातात धरून ठेवली.