आण्णांच्या भिंतीवरची चांदी : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

ग्राहकांचं खातं सांभाळणाऱ्या माननीय मंत्रिमहोदयांस,
सादर नमस्कार.

परवा पहाटे तीन वाजता माझ्या वडिलांना, आण्णांना, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. या पावसाळ्यातली ही दुसरी खेप. सकाळी त्यांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी असताना माझ्या मोबाइलवर संदेश आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ कुणी पाहिली, काय ठरवलं, एक ओळ नाही. एका सरकारी कचेरीत दिलेली ती तक्रार घराच्या रंगाबद्दल होती. आपल्याला ही बाब किरकोळ वाटेल. तरी कृपया शेवटपर्यंत वाचावं.

आम्ही मूळचे विट्याकडचे, गलाईवाले. सोनं-चांदी गाळायला आमच्या भागातली माणसं देशभर पांगली, त्यांत आण्णा कोइमतूरला गेले. सत्तावीस वर्षं भट्टीपुढं काढली. तेजाबाच्या वाफेनं छाती गेली. सुट्टीला गावी यायचे तेव्हा त्यांची बोटं चांदीच्या पाण्यानं काळी पडलेली असायची आणि आई ती लिंबानं घासायची. परत आल्यावर त्यांनी सांगलीत, गावभागात घर घेतलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि त्या घरात छातीएवढं पाणी उभं राहिलं. २०२१ ला पुन्हा पूर. तेव्हापासून ओल भिंतीत मुरली ती निघालेली नाही. दर पावसाळ्यात कमरेपर्यंत लोणा, म्हणजे मिठाचा पांढरा थर, फुटतो, रंगाचे पापुद्रे सुटतात.

गेल्या दिवाळीत पेठेतल्या एका दुकानात ‘सिल्व्हर आयन’वाला, म्हणजे चांदी मिसळलेला, रंग दाखवला. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘९९ टक्के जंतूंचा नाश’ आणि रांगणाऱ्या बाळाचं चित्र. डब्यामागं नऊशे रुपये जादा. मी कचरत होतो. आण्णाच म्हणाले, “चांदी हाय म्हणत्यात. घे.” ज्या माणसाचं आयुष्य चांदीत गेलं, ज्यानं नातीला पहिला घास चांदीच्या वाटीतून भरवला, तो या नावावर विश्वास ठेवणारच. त्या विश्वासाचेच आमच्याकडून जादा पैसे घेतले.

जुलैत आण्णांच्या उशाशी तळहाताएवढा डाग उमटला. जवळून पाहिलं तर काळपट हिरवी लव, मखमलीसारखी. बोट लावलं की भुकटी निघायची. डॉक्टर म्हणाले, ही बुरशी आहे, यांना त्या खोलीत झोपवू नका. साहेब, आमच्या घराला खोल्या दोनच आहेत. दुसऱ्या खोलीतही तीच भिंत येते. कंपनीचा माणूस आला, भिंतीला एक यंत्र टेकवलं आणि म्हणाला, ‘ओल आहे, वॉरंटी लागू नाही.’ ओल नसती तर चांदीचा रंग घेतला असता कशाला?

मग मी रात्र-रात्र वाचत बसलो. चांदी खोटी नाही, हे आधी कबूल करतो. ओलसरपणा मिळाला की चांदीतून आयन, म्हणजे विद्युतभार असलेले सूक्ष्म कण, सुटतात, जिवाणूंच्या प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतात, त्यांचा श्वसनाचा व्यवहार बंद पाडतात. भाजलेल्या जखमेवरच्या मलमात चांदी असते ती त्यासाठीच. रोज पुसल्या जाणाऱ्या स्वच्छ भिंतीवर तिचा थोडाफार उपयोग होत असेलही. पण ते ९९ टक्के आले कुठून? डब्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रमांक होता, आयएसओ २२१९६. ही चाचणी प्रयोगशाळेत होते. ३५ अंश तापमान, ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता, जिवाणूंचं पाणी रंगावर टाकून वर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, आणि मग २४ तास. तपासायचे जिवाणू दोन. बुरशी या चाचणीत नाहीच! ज्यानं आण्णांचा श्वास कोंडला, त्यावर या रंगाची परीक्षाच झालेली नव्हती आणि डब्यावर मात्र सरसकट ‘जंतू’.

दवाखान्यात आण्णांना हे वाचून दाखवलं. नळी बाजूला करून ते एवढंच बोलले, “मीठ लागलं की चांदी बसती रं.” गलाईत हे पोरसवदा कामगारालाही माहीत असतं. तेजाबात विरघळलेली चांदी पाण्यासारखी नितळ दिसते, मिठाचं पाणी ओतलं की दह्यासारखा पांढरा साका तळाला बसतो. पुराच्या भिंतीतून मीठच फुटतं. त्यातलं क्लोराइड चांदीला असंच बांधून टाकतं, वर धुळीचा थर बसला की जिवाणूला चांदी शिवतही नाही. माझ्या सातवी शिकलेल्या बापाला जे कळतं, ते डब्यावर छापायची सक्ती तुम्हाला करता येत नाही?

आणि ही चांदी जाते कुठं? स्वित्झर्लंडमध्ये नॅनोचांदीचा, म्हणजे चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा, रंग दिलेली बाहेरची भिंत वर्षभर पावसात ठेवून पाहिली, तर तीस टक्क्यांहून अधिक चांदी धुऊन गेली. आमच्या रंगाऱ्यानं ब्रश गटारीच्या तोंडाशी धुतले. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. गटार शेरीनाल्याला आणि शेरीनाला कृष्णेला. सांडपाण्यात गंधकाशी बांधली जाऊन चांदीचा जोर बराच उतरतो, हे मी लपवत नाही. पण मोकळी चांदी माशांना फार विषारी असते, आणि कृष्णेतले मेलेले मासे सांगलीकरांनी डोळ्यांनी पाहिलेत. शिवाय चांदीला दाद न देणारे जिवाणू १९७५ सालीच अमेरिकेत जळीत रुग्णांच्या कक्षात सापडले होते. जखमेसाठी राखून ठेवायचं औषध आपण दिवाणखान्याला फासतो आहोत.

सरकारला जमत नाही, असं मला सांगू नका. रंगातल्या शिशावर मर्यादा आणलीच ना? २०१६ चे नियम, दहा लाख भागांत ९० भाग, नोव्हेंबर २०१७ पासून लागू. युरोपात २०१३ पासून जंतुनाशक गुणाचा दावा केला तर त्यातल्या द्रव्याचं नाव छापावं लागतं, नॅनो असेल तर तसं लिहावं लागतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. कायदा तुमच्या कपाटात आहे आणि बुरशी आमच्या कपाटामागं आहे.

खरं सांगू का, एका डब्याचं हे भांडणच नाही. दोन्ही पुरांनंतर पंचनामा झाला. त्यात भांडी, धान्य, गाद्या यांना रकाने होते, ओलीला नव्हता. ती भिंत कशी वाळवायची, लोणा लागलेला गिलावा काढून कोणता गिलावा करायचा, हे सांगायला एकही माणूस आमच्या गल्लीत फिरकला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ सालीच सांगून ठेवलंय की बुरशीवर पहिला उपाय ओल थांबवणं. ते काम सरकारनं सोडलं आणि त्या जागी रंगाचे डबे आले. धरणाचं पाणी कधी सोडायचं ते तुम्ही ठरवता, नदीच्या पात्राशेजारी बांधकामाला परवानग्या तुमच्याच यंत्रणा देतात, आणि पाणी ओसरल्यावर आमच्या भिंती आमच्या नशिबावर सोडता. माझा बाप म्हातारपणी स्वतःच्या घरात श्वास घेऊ शकत नाही. कोइमतूरच्या भट्टीतून वाचून आलेला माणूस आहे हो तो!

माझी तक्रार पुन्हा उघडा. डब्यावर चांदी किती, कोणत्या जंतूवर तपासली, किती दिवस टिकते आणि ओलीच्या भिंतीवर चालत नाही, एवढं मराठीत, मोठ्या अक्षरांत छापायला लावा. पुरानं भिजलेल्या घरांची ओल मोजायला माणसं पाठवा.

त्या डागाशेजारचा रंग मी काल खरवडला आहे. आण्णांनी सांगितलं तसा, गलाईत दुकानाची झाडलोट राखतात तसा, कागदाच्या पुडीत बांधून ठेवलाय. त्यात चांदी किती, हे त्यांना मरायच्या आधी कळायला हवंय. पुडी कोणत्या प्रयोगशाळेत नेऊन द्यायची, तेवढं कळवा.

आपला,
एका गलाईवाल्याचा मुलगा
गावभाग, सांगली