कोकणात गाडी नेताना तिथी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सलग सुट्ट्या आल्या की आंबा घाट, गगनबावडा उतरून कोल्हापूरकर गणपतीपुळे, मालवण, तारकर्ली गाठतात. मग किनाऱ्यावर वाळूत रुतलेल्या गाडीची बातमी येते, आणि तीत 'पाणी अचानक वाढले' हे वाक्य असते. भरती अचानक येत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून तिची वेळ काढता येते.

'चंद्र पाणी ओढतो' हे उत्तर अपुरे आहे. पृथ्वीवर सूर्याची ओढ चंद्राच्या सुमारे पावणेदोनशे पट आहे, तरी भरतीतला त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी. कारण भरती येते ती ओढीतल्या फरकामुळे. चंद्र सरासरी ३,८४,४०० किमीवर आहे. पृथ्वीच्या मध्याशी त्याची जी ओढ, त्यापेक्षा चंद्रासमोरच्या पाण्यावर ती तीन-साडेतीन टक्के जास्त, पलीकडच्या पाण्यावर जवळपास तितकीच कमी. समोरचे पाणी पुढे सरते, पलीकडचे मागे राहते. असे दोन फुगवटे तयार होतात, म्हणून साधारण १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा भरती. सूर्य पंधरा कोटी किमीवर, त्यामुळे पृथ्वीच्या दोन बाजूंत त्याच्या ओढीचा फरक अगदी थोडा.

मग रंकाळ्याला भरती का नाही? पाणी जागच्या जागी वर उचलले जात नाही. ते हजारो किलोमीटर पसरलेल्या समुद्रातून आडवे सरकत येऊन साचते. किलोमीटरभराच्या तळ्यात हा चढ मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरतो. उलट खंभातच्या निमुळत्या आखातात तोच दहा मीटरपर्यंत जातो.

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात आणि उधाण येते. त्याचा खरा जोर एक-दोन दिवसांनी दिसतो. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात, तेव्हा चढउतार सर्वांत कमी, तो भांग.

आता हिशेब. तिथीला तीनने गुणायचे, चारने भागायचे. पूर्ण भरतीची वेळ मिळते, सकाळची आणि रात्रीचीही. शुद्ध असो वा वद्य, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी.

पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पाणी सर्वांत मागे. नेमके तेव्हाच पुळण रुंद आणि टणक दिसते, आणि गाडी खाली उतरवली जाते. पुढचे सहा तास पाणी एकसारखे चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्साच, पण तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मा. साडेसात ते साडेनऊ, अंधारात. 'अचानक' वाटते ते याचमुळे. लाट पोचण्याआधीच खालून पाणी झिरपून वाळू सैल झालेली असते. चाक फिरवत राहिले की ते आणखी खाली जाते. अशा वेळी एक्सिलेटर दाबू नये. टायरमधली हवा कमी करावी, चाकासमोरची वाळू उकरून फळी घालावी आणि गाडी दोरीने ओढून घ्यावी.

हा हिशेब शांत हवेतला. पावसाळ्यात समुद्रावरून जोराचा वारा असेल, तर पाणी याहून वर चढते.

भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतो. त्यातल्या कोकणातल्या वेळा आपण शुक्रवार-शनिवारच्या अंकात हवामानाच्या चौकटीशेजारी छापाव्यात, ही विनंती.

– विज्ञान विषयाचे काही शिक्षक, कोल्हापूर