मा. नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र: स्थायी समितीची विषयपत्रिका आमच्या फळ्यावर लावा

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: महापालिकेच्या स्थायी समितीची विषयपत्रिका सभेआधी आणि निर्णय सभेनंतर लगेच नागरिकांना मिळणेबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षे शिकवून निवृत्त झाले. माझे गाव आता शहराच्या हद्दीत आहे. हद्दवाढ झाली, ग्रामपंचायत गेली, चावडीशेजारच्या कार्यालयाला महापालिकेची पाटी लागली. गावाचे आणि शहराचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कुणा एका कार्यालयाला बोल लावण्यासाठी हे पत्र नाही. माझे मागणे राज्यातल्या सगळ्या महापालिकांसाठी आहे, आणि ते पुरे करणे आपल्या विभागाच्या हातात आहे.

ग्रामपंचायत होती तेव्हा ग्रामसभेची नोटीस फळ्यावर लागायची. शिपाई दवंडी द्यायचा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा गावात पोरासोरांनाही पाठ होत्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा व्हायची. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांत जो आकडा कमी असेल तेवढे लोक लागत. कित्येकदा तेवढेही जमत नसत, मग सभा तहकूब व्हायची. वाद व्हायचे, आवाज चढायचे. मी त्या सभांचे गोडवे गात नाही. पण एका महिला सभेत मी उठून सांगितले होते की शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही, आणि त्यामुळे सातवीच्या मुली दुपारनंतर घरी निघून जातात. ग्रामसेवकाने ते लिहून घेतले आणि सर्वांसमोर वाचून दाखवले. ठराव माझ्या शब्दांत होता. उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा भरली तेव्हा टाकी बसलेली होती.

आज आमच्या वस्तीत लोकसंख्या कितीतरी पटींनी वाढली, इमारती उभ्या राहिल्या, कर वाढला. मात्र आमच्यासाठी काय ठरते, कधी ठरते आणि कोण ठरवते, हे आधी कळण्याची सोय उरली नाही.

शहरात पैशाचा निर्णय मुख्यतः स्थायी समितीत होतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे या समितीत १६ नगरसेवक असतात आणि त्यांतले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. सर्वसाधारण सभा महिन्यातून एकदा, तर स्थायी आठवड्यातून एकदा बसते. रस्त्याची निविदा, टाकीची दुरुस्ती, कचऱ्याच्या गाड्यांचा ठेका, शाळेच्या छताचा खर्च, सारे इथून जाते. लोक निवडणुकीच्या सभांना गर्दी करतात, महापौर कोण होणार यावर पैजा लावतात. त्यांच्या दारातले गटार मात्र एखाद्या आठवड्यात बंद खोलीत, एका ओळीच्या विषयावर ठरून जाते.

आमच्या गल्लीचेच सांगते. पावसाळी गटारासाठी अंदाजपत्रकात ४० लाख रुपयांची तरतूद झाली होती. आम्ही अर्ज केले होते, सह्या गोळा केल्या होत्या, त्या वेळच्या वह्या अजून माझ्याकडे आहेत. जून आला, काम नाही. गेल्या पावसात तळमजल्यावरच्या एका म्हाताऱ्या जोडप्याचे धान्य भिजले, त्यांची गादी आम्ही माझ्या गच्चीवर वाळत घातली. चौकशीला गेलो की उत्तर यायचे, ‘प्रक्रिया सुरू आहे.’ शेवटी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहितीचा अर्ज टाकला. महिन्याने कागद हाती आले. त्यात निघाले की ती तरतूद आठ महिन्यांपूर्वीच ‘वर्गीकरण’ करून दुसऱ्या कामाला देण्यात आली होती. वर्गीकरण म्हणजे अंदाजपत्रकात एका कामासाठी ठेवलेले पैसे दुसऱ्या कामाकडे वळवणे. कायद्यात त्याला वाव आहे, कधी त्याची गरजही असते. आम्हाला दुःख याचे झाले की हे पैसे ज्या दिवशी गेले त्या दिवशी आम्ही कुणीच तिथे नव्हतो, आणि नंतरचे आठ महिने आम्ही नसलेल्या पैशांची वाट पाहत होतो.

आदल्या शुक्रवारी ती विषयपत्रिका आमच्या फळ्यावर असती, तर गल्लीतली दहा माणसे नगरसेवकाच्या दारात गेली असती. कदाचित तरीही पैसे वळले असते. पण कुणीतरी आम्हाला कारण सांगितले असते.

मिळालेले कागद मी दोनदा वाचले, तेव्हा थोडे कळले. मराठी शिकवण्यात आयुष्य गेले, तरी दोनदा. ‘मा. महापालिका आयुक्त यांचे जा. क्र. अन्वये सदर कामी आवश्यक रक्कम वर्गीकरणाने उपलब्ध करून घेणेकामी मान्यता मिळणेबाबत.’ अशा धाटणीची वाक्ये, एकाखाली एक. त्यात गल्लीचे नाव नाही, पैसे कुठून निघाले ते पान ६ वर, कुठे गेले ते पान ९ वर. शेजारच्या मावशींना मी ते असे सांगितले: ‘आपल्या गटाराचे चाळीस लाख पलीकडच्या रस्त्याच्या दुभाजकाला दिले.’ एका वाक्यात त्यांना समजले. स्थानिक प्राधिकरणांचा कारभार मराठीतून व्हावा म्हणून विधिमंडळाने २०२२ मध्ये कायदा केला, त्याचा मला आनंद आहे. त्या मराठीत मावशींना समजेल असे एक वाक्य प्रत्येक विषयाच्या माथ्यावर लिहिण्याची सक्ती करा: कुठले काम, किती रुपये, पैसे कुठून येणार, फायदा कोणत्या वस्तीला. कागदाचा बाकीचा मसुदा हवा तसा असू द्या.

आता ‘आयत्या वेळचे विषय’. ग्रामपंचायतीतही हे शब्द होते. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ ही ओळ विषयपत्रिकेच्या तळाशी असायची आणि तिथे बहुधा कुणाच्या सत्काराचा किंवा श्रद्धांजलीचा ठराव यायचा. महापालिकेत या दारातून कोट्यवधींच्या खर्चाचे प्रस्ताव आत येऊ शकतात. पूर आला, पूल खचला, साथ पसरली, तर आयत्या वेळी विषय घ्यावाच लागेल आणि तो घेतलाच पाहिजे. मात्र ज्या ठेक्याची मुदत कधी संपणार हे वर्षभर आधी माहीत असते, त्याचा विषय आयत्या वेळचा कसा होतो, हे मला कुणी समजावून सांगितलेले नाही. समितीतल्या नगरसेवकालाही तो प्रस्ताव वाचायला वेळ मिळत नाही. नवीन निवडून आलेल्या, पहिल्यांदाच समितीत बसलेल्या बाईने पंधरा मिनिटांत साठ पानांवर हात वर करायचा? आयत्या वेळी घेतलेल्या प्रत्येक विषयाखाली तो थांबू का शकत नव्हता, याचे लेखी कारण नोंदवलेच पाहिजे आणि ते निर्णयासोबत जाहीर झालेच पाहिजे, एवढा नियम हवा.

हे आजच का लिहिते आहे, तर बऱ्याच काळानंतर नगरसेवकांच्या खुर्च्या भरल्या आहेत. मुंबई, पुण्यात मार्च २०२२ पासून प्रशासक होते. नवी मुंबई, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर इथे तर २०२० पासून. संविधानाच्या अनुच्छेद २४३-यू मध्ये पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे असे स्पष्ट लिहिलेले असताना सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये आदेश द्यावा लागला, नंतर मुदत वाढवून द्यावी लागली, आणि १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महापालिकांत मतदान झाले. इचलकरंजी आणि जालना या महापालिकांची तर ती पहिलीच निवडणूक. या मधल्या वर्षांत प्रस्ताव ठेवणारा आणि मंजूर करणारा एकच अधिकारी होता. त्या अधिकाऱ्यांपैकी अनेकांनी चांगले काम केले असेल. पण प्रश्न विचारणारे समोर कुणी नव्हते, आणि कागद बाहेर देण्याची सवय मोडली. आता सभा पुन्हा भरू लागल्या आहेत, तर ती सवय सुरुवातीलाच लावता येईल. वर्षभराने लावायला गेलो तर सगळे जण जुन्या वळणावर गेलेले असतील.

मी नवे काही मागत नाही, हे आपण तपासून पाहावे. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा, इंग्रजांच्या काळातला. त्यातही सभा लोकांना खुली असावी आणि इतिवृत्ताची, म्हणजे सभेत काय झाले त्याच्या नोंदींची, वही शुल्क भरून कोणालाही पाहता यावी, अशी तजवीज आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या समित्यांच्या सभा लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्ते लोकांना मिळतात का, हे कुणी न विचारता जाहीर करायचे आहे. तो कायदा २००५ चा. विधिमंडळाच्या कामकाजाचा दिवसाचा क्रम मला घरबसल्या फोनवर दिसतो. मंत्रालय इतके लांब असून तिथले कळते, आणि चार किलोमीटरवरच्या महापालिका भवनात माझ्या गल्लीविषयी काय चालले आहे ते कळत नाही.

म्हणून विनंती अशी. आपल्या विभागाने एक आदेश काढावा. स्थायी समितीची विषयपत्रिका, नुसत्या शीर्षकांची यादी नव्हे तर मूळ प्रस्तावांसह, सभेच्या किमान तीन दिवस आधी संकेतस्थळावर यावी. त्यातले आमच्या प्रभागाचे विषय छापून क्षेत्रीय कार्यालयाच्या फळ्यावर लागावेत, कारण फळ्यासमोर उभे राहून वाचणारी माणसे अजून आहेत आणि त्यांच्यातल्या निम्म्यांना संकेतस्थळ उघडता येत नाही. सभा झाल्यावर दोन दिवसांत निर्णय त्याच फळ्यावर यावा: मंजूर, नामंजूर, तहकूब, की अभिप्रायासाठी प्रशासनाकडे परत. इतिवृत्त कायम होईपर्यंत थांबायचे म्हटले तर महिना उलटतो, तोवर ठेकेदाराला कार्यादेश गेलेला असतो. मतदान झाले असेल तर कुणी कुठल्या बाजूने हात वर केला तेही लिहावे. सभांचे कागद सांभाळणाऱ्या नगरसचिव कार्यालयात माणसे कमी आहेत हे मला दिसते. त्या कार्यालयाची रिकामी पदे आधी भरा, नाहीतर हा आदेशही तिथल्या एखाद्या थकलेल्या लिपिकाच्या माथी पडेल.

महापालिकेचा बेकायदा ठराव विखंडित करण्याचा अधिकार राज्य शासनाकडे आहे. जो कागद रद्द करण्याचा अधिकार आपल्याला आहे, तो लोकांसमोर वेळेत ठेवायला लावण्याचा अधिकारही आपण नक्की वापरू शकता.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या मनात सगळ्यांत खोल आहे. २००९ मध्ये राज्याने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. काही मतदान केंद्रांच्या मतदारांनी एकत्र बसायचे, नगरसेवकाने सभा घ्यायची, वस्तीची कामे सुचवायची. ती तरतूद वाचली तेव्हा मला वाटले, आमची ग्रामसभा शहरात परत येणार. आमच्या भागात तशी एकही सभा मी पाहिलेली नाही. चार नगरसेवकांचा प्रभाग असला की सभा कोणी बोलवायची यावरच गाडे अडते, असे मला एका माजी नगरसेवकाने सांगितले. तर ते आपण ठरवून द्या. प्रभागाचे चार भाग करा, प्रत्येकाला एक भाग द्या आणि वर्षातल्या तारखा नक्की करा. जुन्या चार तारखा चालतील, लोकांना पाठ आहेत. आणि महिलांची सभा आधी घ्या. पाणी किती वाजता येते, किती वेळ येते, कुठल्या दिव्याखाली अंधार असतो, हे त्यांना विचारल्याशिवाय कळणार नाही.

आमच्या गल्लीच्या गटाराचा विषय या वर्षी पुन्हा अंदाजपत्रकात आला आहे असे ऐकते. आम्ही सात जणींनी ठरवले आहे की तो ज्या आठवड्यात स्थायीपुढे येईल, त्याच्या आधी आम्ही समितीच्या प्रत्येक सदस्याला एक पोस्टकार्ड लिहायचे. कार्डे आणून ठेवली आहेत. मजकूरही लिहून झाला आहे. तारखेची जागा कोरी ठेवली आहे. ती तारीख आम्हाला आधी कळावी, एवढ्यासाठी हे पत्र.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका