गालावरच्या वणाविषयी मित्रास पत्र

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि छायाचित्रे मिळाली. तू सारे गालाविषयीच लिहिले आहेस. मी मात्र आधी तुझा डावा डोळा पाहिला. भाजल्याचा वण आखडत गेल्याने खालची पापणी ओढली गेली आहे, तिची आतली लाल कडा दिसते आहे, आणि सकाळी डोळा चुरचुरतो असे तू जाता जाता लिहिलेस, त्या अर्थी तो झोपेतही पुरता मिटत नसावा. वण जुना होऊन मऊ आणि फिकट होईपर्यंत शस्त्रक्रियेसाठी साधारण वर्षभर थांबावे, हा नियम खराच. परंतु बुबुळ कोरडे पडून त्याला जखम होण्याची भीती असेल, तर तो बाजूला ठेवावा लागतो. ही ओढ सोडवून तिथे कानामागची किंवा गळपट्टीच्या हाडावरची पूर्ण जाडीची त्वचा बसवतात, कारण मांडीची पातळ त्वचा अधिक आखडते आणि चेहऱ्यावर ठिगळासारखी दिसते.

गालाचे काम त्यानंतर. एवढा रुंद वण एकदम कापून टाके घातले, तर ताण पुन्हा पापणीवर आणि ओठावर येईल. काही महिन्यांच्या अंतराने तो थोडा थोडा काढत जाणे, हा एक मार्ग. मला तुझ्यासाठी दुसरा अधिक योग्य वाटतो: जबड्याखालच्या चांगल्या त्वचेखाली सिलिकॉनचा फुगा ठेवून त्यात दर आठवड्याला सुईने सलाईन भरतात, दोन-तीन महिन्यांत त्वचा वाढते, मग वण काढून ती वर सरकवतात. रंग जुळतो, शिवाय त्या त्वचेवर दाढीही उगवते. मात्र तितके दिवस गळा विचित्र फुगलेला दिसेल, आणि जंतुसंसर्ग झालाच तर फुगा काढावाही लागतो. हे वहिनींनाही आधीच सांग. ओठाच्या कोपऱ्याजवळची दोरीसारखी पट्टी झेड-प्लास्टीने, म्हणजे त्वचेचे दोन त्रिकोण एकमेकांच्या जागी फिरवून, लांब करता येईल.

त्वचेची मूळ रक्तवाहिनी न तोडता ती फिरवण्याची ही विद्या आपल्याकडे जुनीच आहे; पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कपाळाच्या त्वचेने घडवल्याचा वृत्तांत 1794 साली लंडनच्या मासिकात छापून आला होता.

लेझरच्या जाहिरातीचे म्हणशील, तर त्याने वण काहीसा मऊ होतो. एवढी ओढ सुटत नाही, आणि आपल्या सावळ्या त्वचेवर काळे डाग पडण्याचा धोका राहतो. कोणत्याही उपायाने वण नाहीसा होत नाही, तो अरुंद आणि कमी ओढणारा होतो. याहून अधिक कबूल करणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊ नकोस.

सिगारेट आजच बंद कर, कारण तिने रक्तवाहिन्या आकसतात आणि सरकवलेल्या त्वचेची कड काळी पडून मरू शकते. पूर्वी छातीवर वा कानावर वाढलेला वण उठला असेल, तर तेही सांग. डोळ्याच्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखव, आणि माझ्याकडे येशील तेव्हा अपघातापूर्वीचे समोरून काढलेले छायाचित्र आण. पापणी किती उंचीवर आणायची, ते त्यावरून ठरवता येईल.

तुझा,
विनायक